लहान कुत्रा हवा, पण कोणता?

एक वाचक भगिनी लिहितात : "आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. घरात आम्ही दोघे, सात वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रासलेल्या सासूबाई असे चौघे आहोत. आम्ही दोघेही नोकरीसाठी दिवसभर बाहेर असतो, मुलगी दुपारी शाळेतून परतते आणि सासूबाई घरीच असतात. मुलीने कुत्र्याचा हट्ट धरला आहे आणि आम्हालाही तो हवा आहे. परंतु आमच्यापैकी कोणीही आजवर कुत्रा पाळलेला नाही. पोमेरेनियन, शिह त्झू आणि चिवावा या तीन जाती आमच्या मनात आहेत. एका विक्रेत्याने सहा आठवड्यांचे 'टीकप' पोमेरेनियन दाखवले. ते मोठेपणीही दीड किलोच्या आत राहील, त्याला फिरवण्याची गरज नाही आणि त्याचा सांभाळ अगदी सोपा आहे, असे तो म्हणतो. आम्ही कोणती जात घ्यावी? सर्वांत कमी निगा कोणत्या जातीला लागते? आणि पिल्लाला रात्री झोपवायचे कुठे? मुलगी त्याला आपल्या पांघरुणात घेऊन झोपायचे म्हणते आहे."

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात जातींची नावे एका वाक्यात आटोपली आहेत आणि घरातल्या माणसांविषयी मात्र तपशिलाने लिहिले आहे, हे फार बरे झाले. कारण कोणता कुत्रा तुमच्याकडे सुखाने नांदेल हे ठरवताना मला त्या माणसांचाच अधिक उपयोग होणार आहे.

विक्रेत्याने दाखवलेले पिल्लू घेऊ नका, हे आधी स्पष्टपणे सांगते. 'टीकप' नावाची कोणतीही जात नाही. ते विक्रीसाठी जोडलेले विशेषण आहे. पूर्ण वाढलेल्या पोमेरेनियनचे वजन साधारण 1.4 ते 3.2 किलो असते, म्हणजे ही जात मुळातच अत्यंत लहान आहे, आणि तिच्यातही सर्वांत खालच्या टोकाची पिल्ले मिळावीत म्हणून वाढ खुंटलेल्या नर-मादींचा संकर वारंवार घडवून आणला जातो. त्या खुजेपणाचे भोग पिल्लाच्या वाट्याला येतात. कवटीची टाळू भरून न येणे, मेंदूत पाणी साठणे, थोडा वेळ पोट रिकामे राहिले तरी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणे, सोफ्यावरून उडी मारताना पुढच्या पायाचे हाड मोडणे, हे सारे अशा कुत्र्यांत इतरांच्या मानाने अधिक दिसते. शिवाय सहा आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून त्याचे मोठेपणीचे वजन कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. पिल्लू आणखी लहान वाटावे म्हणून त्याचे वय वाढवून सांगण्याची युक्तीही या धंद्यात चालते, म्हणून सांगितलेल्या वयावरही विसंबू नये.

सहा आठवडे हे वयच मुळात आईपासून तोडण्याचे नाही. कोणत्याही जातीचे पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे, आणि अगदी लहान जातींची पिल्ले जाणते ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारे, अनेकदा बारा आठवड्यांपर्यंत आपल्याकडेच ठेवतात. दात किती जोरात लावले म्हणजे समोरचा कळवळतो, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. तो धडा अर्धवट राहिलेले पिल्लू पुढे मुलांच्या हाताला चावत सुटते आणि आपण त्याला खोडकर म्हणत बसतो. जो विक्रेता सहाव्या आठवड्यात पिल्लू देण्यास तयार आहे, त्याने त्याच्या बाकीच्या संगोपनात काय काळजी घेतली असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधू शकाल.

लहान कुत्र्याला फिरवावे लागत नाही, हे त्याचे विधान तर धडधडीत चुकीचे आहे. आज मांडीवर मावणाऱ्या अनेक जाती कामकरी कुत्र्यांपासून आलेल्या आहेत. यॉर्कशायर टेरियर गिरण्यांत आणि खाणींत उंदीर मारत असे, डॅक्सहुंड बिळात शिरून तिथे राहणाऱ्या बॅजर या प्राण्याच्या अंगावर जात असे, आणि पोमेरेनियनचे पूर्वज थंड प्रदेशातले अंगाने मोठे, राखणीचे व ओढकामाचे स्पिट्झ कुत्रे होते. व्हिक्टोरिया राणीने 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून लहान चणीचे पोमेरेनियन आणले आणि त्यानंतर ही जात झपाट्याने आकसत गेली. पण शरीर आकसले तरी राखणदाराचा स्वभाव तसाच राहिला. म्हणूनच जिन्यात पाऊल वाजले की पोमेरेनियन भुंकतो. या कुत्र्यांना मैलोन्‌मैल धावायला लागत नाही, हे खरे; परंतु रोज दोन वेळा वीस ते तीस मिनिटे बाहेर नेऊन चार वास घेऊ दिले नाहीत, तर ती ऊर्जा भुंकण्यात, चपला कुरतडण्यात आणि माणूस नजरेआड होताच आक्रोश करण्यात खर्च होते.

आता तुमच्या तीन जाती. चिवावा तुमच्या घरासाठी मी सुचवणार नाही. तीन किलोच्या आतले हे कुत्रे बुद्धिमान आणि अत्यंत निष्ठावान असते, पण ते बहुधा एकाच माणसाला जीव लावते, अनोळखी हालचालींना बिचकते, आणि सात वर्षांच्या मुलीच्या हातून निसटून पडले तर त्याचा पाय मोडू शकतो. घाबरलेल्या चिवावाजवळ स्वतःच्या बचावासाठी दातांखेरीज दुसरे काही नसते. तुमची मुलगी बारा-तेरा वर्षांची असती, तर माझे मत कदाचित वेगळे झाले असते.

पोमेरेनियन आनंदी, चौकस आणि शिकवलेले पटकन उचलणारा असतो, मात्र भुंकण्यावर पहिल्या दिवसापासून काम करावे लागते, आणि शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असतील तर याचा विचार गांभीर्याने करावा. त्याच्या अंगावर दोन थरांचे केस असतात : आत मऊ दाट लव आणि वर लांब राठ केस. हे आवरण आठवड्यातून दोन-तीनदा मुळापर्यंत विंचरावे लागते. उन्हाळ्यात त्याला बरे वाटेल म्हणून मशीनने भादरून टाकण्याची चूक मात्र करू नका. या जातीत भादरलेले केस कधीकधी वर्ष वर्ष परत येत नाहीत किंवा ठिगळांसारखे उगवतात, आणि उघड्या पडलेल्या कातडीला ऊन थेट लागते.

शिह त्झू चार ते साडेसात किलोंचा, अंगाने भक्कम, सौम्य आणि मुलांत रमणारा. तिबेट आणि चीनच्या राजवाड्यांत त्याला केवळ सोबतीसाठी वाढवले गेले, त्यामुळे माणसाच्या पायाशी बसून राहणे हेच त्याचे काम. स्वभावाचा विचार करता तिघांत तो तुमच्या घराला सर्वांत जवळचा आहे. केसांचा प्रश्न सोपा आहे : ते सतत वाढतात, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी आखूड कापून घेतले की रोजचे विंचरणे पुष्कळ कमी होते. अवघड प्रश्न त्याच्या चपट्या तोंडाचा आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून वाफ सोडून अंग थंड करतो. चपट्या तोंडाच्या जातींत चेहऱ्याचे हाड आखूड झालेले असते, पण आतले मांस त्या मानाने घटलेले नसते. नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद राहतात, मऊ टाळू लांबून घशात लोंबते, आणि हवा आत घ्यायलाच कुत्र्याला कष्ट पडतात. पग, पेकिनीज आणि फ्रेंच बुलडॉग यांच्यात हा दोष सर्वांत ठळक दिसतो, तर शिह त्झूमध्ये त्याचे प्रमाण कुत्र्यागणिक बदलते. लोक ज्या घोरण्याचे कौतुकाने चित्रीकरण करतात, ते पुष्कळदा श्वास कोंडल्याचे लक्षण असते. नेदरलँड्समध्ये 2019 पासून, थूथन (नाक-तोंडाचा पुढे आलेला भाग) कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहूनही आखूड असलेल्या कुत्र्यांचे प्रजनन करता येत नाही, यावरून प्रश्न किती गंभीर मानला जातो हे कळेल. म्हणून शिह त्झू घ्यायचाच असेल, तर नाकपुड्या उघड्या आणि गोल आहेत ना ते पाहा, कुत्रा स्वस्थ बसलेला असताना श्वासाचा आवाज येतो का ते ऐका, आणि पूर्ण वाढलेला असल्यास त्याला तीन-चार मिनिटे भरभर चालवून पुन्हा ऐका. घरघर वाढली, तर कितीही गोड दिसत असला तरी तो सोडून द्या. या जातीचे डोळेही खोबणीतून बरेच पुढे आलेले असतात. त्यांना ओरखडा लागणे, ते कोरडे पडणे, क्वचित मान जोराने आवळली गेल्यास डोळाच खोबणीबाहेर येणे, असे प्रकार घडतात. डोळा मिटून धरलेला किंवा लाल दिसला, तर ते उद्यावर ढकलण्याचे काम नाही.

तुम्ही यादीत न घेतलेल्या काही जातींचाही विचार करावा असे मला वाटते. हॅवनीज आणि बिशाँ फ्रिझे ही मध्यम लांबीच्या तोंडाची, आनंदी आणि मुलांशी जमवून घेणारी कुत्री आहेत. टॉय किंवा मिनिएचर पूडल तर बुद्धीने बहुतेकांच्या पुढे असतो. यांचे केस घरभर गळत नाहीत, पण नियमित कापावे व विंचरावे लागतात, नाहीतर त्यांच्या गाठी कातडीला ओढून जखमा करतात. ज्याची ॲलर्जी मुळीच होत नाही असा कुत्रा मात्र कोणताही नसतो, कारण ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल, तर निर्णयापूर्वी त्या व्यक्तीने त्याच कुत्र्याजवळ दोन-तीनदा पुरेसा वेळ घालवून पाहावा.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचे नाव तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. स्वभावाने याच्याहून प्रेमळ कुत्रा शोधून सापडणार नाही, आणि तरीही मी तो सहसा सुचवत नाही. या जातीत हृदयाची झडप लवकर झिजते, दहा वर्षांपर्यंत जगलेल्या बहुतेक कॅव्हेलियरमध्ये हा दोष आढळतो, आणि लहान पडणाऱ्या कवटीमुळे मज्जारज्जूत द्रव साठून असह्य वेदना होण्याचा विकारही त्यांच्यात दिसतो. नॉर्वेत 2022 मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने या जातीच्या प्रजननाविरुद्ध निकाल दिला आणि 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कॅव्हेलियरपुरता तो कायम ठेवला. डॅक्सहुंडबाबत माझी हरकत वेगळी आहे : त्याच्या मणक्यातल्या चकत्या लवकर कठीण होऊन सरकतात, आणि रोज दोन मजल्यांचे जिने त्याला उतरायला लावणे म्हणजे पाठीच्या दुखण्याला आमंत्रण देणे.

हे सारे विचारात घेऊन माझा सल्ला असा : पिल्लाचा आग्रह सोडा आणि दोन ते चार वर्षांचा, पाच ते आठ किलोंचा, तोंड फार चपटे नसलेला कुत्रा दत्तक घ्या. तो शुद्ध जातीचा असलाच पाहिजे असे नाही. तुम्ही दोघे दिवसभर बाहेर, सासूबाईंना वाकता येत नाही आणि मुलगी लहान, अशा घरात दर दोन तासांनी शू करणारे आणि पायात घुटमळणारे पिल्लू वाढवणे सर्वांनाच जड जाईल. मोठ्या कुत्र्याचे वजन, श्वास, गुडघे, दात आणि मुलांविषयीची सहनशीलता या गोष्टी समोर दिसत असतात. पिल्लाबाबत त्या केवळ अटकळीच्या असतात. मोठा कुत्रा माणसाला जीव लावत नाही, हा समज निराधार आहे. नव्या घरात त्याला खुलायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, एवढेच. मुलीला सोबत घेऊन त्याला दोनदा तरी भेटा, आणि तो आपण होऊन तिच्याकडे येतो का हे पाहा. तिने त्याच्या मागे धावून जवळीक केली तर त्यावरून काहीच कळत नाही.

तरीही पिल्लूच हवे असा घरचा निर्णय झाला, तर ते जिथे जन्मले तिथे जाऊन त्याच्या आईला पाहा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. आई-वडिलांच्या गुडघ्याच्या वाट्या, हृदय आणि डोळे यांची पशुवैद्याकडून तपासणी झाली आहे का, ते विचारा आणि कागद मागा. तोंडी आश्वासनांवर जाऊ नका.

'सर्वांत कमी निगा' या तुमच्या प्रश्नाचे उत्तर काहीसे निराश करणारे आहे. लहान कुत्र्यांच्या बाबतीत कामाचा भार कमी होत नाही, तो फक्त दुसरीकडे सरकतो, आणि सर्वांत दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे तोंड. कुत्रा लहान असो वा मोठा, त्याला कायमचे दात बेचाळीसच येतात. चिमुकल्या जबड्यात ते दाटीवाटीने उगवतात, मध्ये अन्न अडकते, कीटण चढते आणि हिरड्या सुजून दात मुळापासून सैल होतात. दुधाचे दात, विशेषतः सुळे, न पडता कायमच्या दातांशेजारी तसेच राहणे हेही लहान जातींत नेहमीचे आहे. सहा-सात महिन्यांचे झाल्यावर तोंड तपासून तसे आढळल्यास पशुवैद्याकडून ते काढून घ्यावेत. नसबंदी करणार असाल तर दोन्ही गोष्टी एकाच भुलीत उरकता येतात. रोज मऊ ब्रशने दात घासावेत. सुरुवातीला आठवडाभर नुसते ओठ उचलून बोट फिरवावे, मग बोटाला कुत्र्याची टूथपेस्ट लावावी आणि त्यानंतर ब्रश आणावा. माणसांची टूथपेस्ट चालत नाही, कारण कुत्रा ती गिळतो, आणि काहींत असणारे झायलिटॉल हे गोड द्रव्य त्याच्यासाठी विष आहे. भूल न देता दात खरवडून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. त्याने दात पांढरे दिसतात, पण हिरडीखालचा रोग जागच्या जागी राहतो.

खाण्याच्या बाबतीत घोटाळा प्रमाणाचा होतो. तीन किलोंच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी पुरतात, तेव्हा घरातल्या चौघांनी कौतुकाने एकेक बिस्किट दिले की त्याच्या दिवसभराच्या अन्नाचा मोठा भाग तिथेच संपतो. खाऊ एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावा आणि तो देण्याचा अधिकार घरात एकाच माणसाकडे असावा. तुमच्याकडे बहुधा सासूबाईंकडे, कारण दुपारी त्याच घरी असतात आणि मन वळवण्याचे सर्वाधिक प्रयत्न त्यांच्यावरच होतील. बरगड्यांवर हलका हात फिरवला असता त्या बोटांना जाणवल्या पाहिजेत. जाड कुत्र्याचे गुडघे, पाठ, श्वास आणि हृदय, सगळेच लवकर थकते. लहान जातीच्या पिल्लाला मात्र पहिले काही महिने दिवसातून चार वेळा खायला द्यावे लागते. ते मलूल झाले, झोकांड्या खाऊ लागले किंवा थरथरू लागले, तर साखर उतरलेली असू शकते; अशा वेळी हिरड्यांवर थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळून त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण घरातल्या कोणीही कधीही देऊ नये, आणि सासूबाईंच्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या तोंडापासून दूर, बंद कपाटात ठेवाव्यात. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची एक गोळीही एवढ्याशा जिवाला प्राणघातक ठरू शकते.

गळ्याला पट्टा बांधून ओढण्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरावा. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांच्या श्वासनलिकेची कूर्चा मुळात कमकुवत असते. ती चपटी होऊ लागली की उत्तेजित झाल्यावर किंवा पाणी पिताना हंस ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो. चालता चालता मागचा एक पाय दोन-चार पावले वर उचलून पुन्हा टेकवणे, ही गंमत नसून गुडघ्याची वाटी सरकत असल्याची खूण असते. तिचे चार दर्जे मानतात. पहिल्या दर्जात वजन ताब्यात ठेवणे आणि लक्ष ठेवणे पुरते, वरच्या दर्जांत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. सोफ्याला लहान पायरी लावून, गुळगुळीत फरशीवर धरून राहणाऱ्या चटया अंथरून उड्या आणि घसरणे कमी करता येते. त्या चटयांच्या कडा दुमडलेल्या नसाव्यात, कारण त्यात सासूबाईंचाही पाय अडकू शकतो. लहान कुत्रा पायात येऊन वृद्ध माणूस पडणे हा धोका खरा आहे. हार्नेसला एक घुंगरू बांधा, आणि त्या उठून चालू लागण्याच्या वेळी कुत्र्याला आपल्या जागी जाऊन बसायला शिकवा.

मुलीला एकच नियम पक्का करा : कुत्र्याला उभ्याने उचलायचे नाही. ती जमिनीवर बसेल आणि तो तिच्याजवळ येईल. मोठ्यांनी उचलतानाही एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली असावा. पुढचे पाय धरून कधीही वर ओढू नये. तो खात असताना किंवा झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, आणि तो गुरगुरला तर कोणी रागवायचे नाही, कारण गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते आणि ती दडपली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. लहान कुत्रे अधिक चावरे असतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतांशी माणसाच्या वागण्यात आहे : मोठा कुत्रा मान वळवून दूर सरकला की आपण थांबतो, लहान कुत्र्याला तसेच उचलून छातीशी धरतो.

पिल्लू असेल तर तीन ते चौदा आठवडे हा जगाची ओळख होण्याचा काळ असतो, आणि नेमके तेव्हाच त्याचे लसीकरण अपुरे असते. लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यावे लागतात; रेबीजची लस बहुधा तिसऱ्या महिन्यात देतात. तोवर त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, सायकली, निरनिराळी माणसे दाखवावीत. शी-शूच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून तेवढे तास ते कसेबसे थांबू शकते, आणि लहान जातींना तितकेही जमेलच असे नाही. जिने उतरेपर्यंत ते थांबणार नाही, म्हणून गॅलरीच्या एका कोपऱ्यात शू शोषून घेणारे पॅड ठेवून झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला तिथे न्यावे व काम झाल्याबरोबर तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. मागाहून सापडलेल्या शूबद्दल रागावण्याचा काहीही उपयोग होत नाही.

नखे, कान आणि गुदग्रंथी यांची निगा कशी घ्यायची ते पशुवैद्य पहिल्या भेटीत हाताने करून दाखवतील. त्याच भेटीत झोपेतला श्वास मोजायला शिकून घ्या : शांत झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो. तो वारंवार त्याहून वर जाऊ लागला, तर हृदयाची तपासणी करावी. उतारवयातल्या लहान कुत्र्यांत हृदयविकाराची ही पहिली खूण असू शकते. हिरड्या निळसर दिसल्या किंवा उष्म्यात कुत्रा धापा टाकत आडवा झाला, तर ओले अंग आणि पंख्याचा वारा असे उपचार लगेच सुरू करून दवाखाना गाठावा. हे कुत्रे बारा ते सोळा वर्षे जगतात, म्हणजे आज सात वर्षांची असलेली तुमची मुलगी शिक्षणासाठी घराबाहेर पडेल तेव्हाही तो तुमच्यापाशीच असेल. कुत्रा तिच्या हट्टापायी येत असला, तरी तो तुम्हा दोघांचा आहे असे धरूनच निर्णय घ्या.

राहिला रात्रीचा प्रश्न. मुलीच्या पांघरुणात त्याला झोपवू नका. झोपेत कूस बदलताना तो चेंगरू शकतो, अंधारात पलंगावरून उडी मारू शकतो आणि दचकून चावूही शकतो. त्याला स्वयंपाकघरात एकटे कोंडणेही तितकेच अयोग्य, कारण कळपात झोपण्याची सवय असलेल्या जिवाला एकाएकी एकटे ठेवल्यास तो रात्रभर रडतो आणि एकटेपणाची धास्तीच घेतो. पहिले काही आठवडे तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर, उघड्या दाराच्या पिंजऱ्यात किंवा उंच काठाच्या बिछान्यात त्याची जागा करा आणि तो कुरकुरला तर हात खाली सोडून त्याला तुमचा स्पर्श होऊ द्या. पिल्लू असल्यास मध्यरात्री एकदा उठून त्याला पॅडवर न्यावे लागेल, आणि ते काम तुम्ही दोघांनी आळीपाळीने करावे. तो स्थिरावला की बिछाना रोज थोडा थोडा सरकवत मुलीच्या खोलीत तिच्या पलंगाखालच्या जमिनीवर न्यायला हरकत नाही.